तिसऱ्या रांगेतली कबर

भाषांतर करणाऱ्याने स्वतःचं शहाणपण घरी ठेवून कामाला बसावं, असं मी ऑफिसात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवत असे. प्रिन्स्टन जंक्शनजवळ एका औषध कंपनीत मी जर्मन पेटंटांचं इंग्रजी करत होते. एमएस्सीच्या वर्षात पुण्यात हौसेखातर जर्मनचे वर्ग केले होते, त्या हौसेवर तीस वर्षं पोट भरलं. मूळ मजकुरात चूक असली तरी चूकच उतरवायची, फार तर खाली टीप द्यायची. हाताखालच्या एका मुलीने एकदा आपल्या मनाने एक वाक्य सरळ केलं, तर मी तिला सगळ्यांदेखत फैलावर घेतलं होतं. हे आधीच सांगते, म्हणजे पुढे मी जे केलं ते भोळेपणी झालं असं कुणाला वाटायला नको.

आमच्या शेजारचे गृहस्थ पोलंडचे. वय पंच्याऐंशीच्या आसपास, बायको जाऊन बरीच वर्षं झाली, एकुलती एक मुलगी ओहायोत. आम्ही वेस्ट विंडसरला घर घेतलं तेव्हा रस्त्यावर गोरे शेजारी पुष्कळ होते. आता बहुतेक घरांवर दिवाळीत आकाशकंदील लागतात आणि हे एकटे उरलेत. माझा नवरा कोल्हापूरचा, आणि ते कुणालाही पाच मिनिटांत कळतं. पहिल्याच भेटीत त्याने त्यांना सांगितलं, "आमच्या वळिवड्याला लढाईच्या वेळी तुमच्या लोकांचा मोठा कॅम्प होता!" त्याला वाटलं, गडी आता गळ्यातच पडणार. ते म्हणाले, "असेल. आमची माणसं ज्याने जिकडे हाकललं तिकडे गेली. मी दुसऱ्या दिशेचा." नवरा हिरमुसला, पण त्या दिवसापासून आमच्या घरात ते 'काका' झाले. मला ते मॅडम म्हणतात. आमचं बोलणं अर्थात इंग्रजीत. त्यांचं इंग्रजी मशीन शॉपमध्ये कामावर शिकलेलं, तोडकं आणि रोखठोक. इथे ते मराठीत लिहिते आहे.

तीन वर्षांपूर्वी काकांच्या नजरेचा मधला भाग गेला. कडेकडेचं दिसतं, समोरचं नाही. वाचणं संपलं. एका सकाळी ते कुंपणाच्या कडेने चाचपडत आमच्या दाराशी आले, हातात पत्रांचा गठ्ठा. "तुम्हाला जर्मन येतं ना?" म्हणाले. जर्मनीतली एक बाई त्यांना वर्षातून दोनदा पत्र लिहायची, गेली पन्नास वर्षं. इतके दिवस ते डिक्शनरी धरून एकेक शब्द लावत वाचायचे आणि तसंच दोन ओळींचं उत्तर लिहायचे. नवरा म्हणाला, "अगं, फोनला दाखव, तो ट्रान्सलेट करतो की." फोनने त्या तिरक्या जुन्या अक्षरांतून 'गुडघा' आणि 'मंगळवार' एवढंच काढलं. म्हणून मी. काकांची एकच अट होती, की त्यांच्या मुलीला यातलं काही कळता कामा नये. मी हो म्हटलं. आपल्याला काय, पत्रं वाचायची.

दर गुरुवारी सकाळी मी त्यांच्याकडे जाऊ लागले. जुनी पत्रंही त्यांना पुन्हा ऐकायची होती. मी वाचायचे आणि मधेच थांबवून ते आपल्या गावाबद्दल बोलायचे. त्या गावी मी कधी गेलेले नाही, जाणारही नाही, पण आज डोळे बांधून सोडलंत तर त्या बाजारातून चर्चपर्यंत चालत जाईन.

गाव दोन तळ्यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर वसलेलं. काका म्हणतात, बाजारात उभं राहून दोन्हीकडे थुंकता येईल इतकी चिंचोळी. लाल विटांचं चर्च, लाल विटांचं स्टेशन, लाल विटांची शाळा, सगळं जर्मनांच्या काळातलं. आणि तळं म्हणजे आपल्याकडचं तळं नव्हे. एक तळं कालव्याने दुसऱ्याला जोडलेलं, दुसरं तिसऱ्याला, दिवसभर होडी हाकली तरी न संपणारं पाणी. त्यात एक छोटा चंदेरी मासा मिळतो, तो धुरावर भाजून खातात. थंडीत तळं गोठलं की गावाचा रस्ताच तळ्यावरून जायचा. वाटेच्या दोन्ही बाजूंनी फरची छोटी झाडं तोडून बर्फात रोवायची, म्हणजे धुक्यात घोडा वाट चुकत नाही.

हे ऐकताना मला कॅलेंडरवरचं चित्र दिसायचं आणि मी "किती सुंदर" वगैरे म्हणायचे. काकांना त्याचा राग यायचा. "मॅडम, त्या गावातलं कुणीच त्या गावातलं नव्हतं."

लढाई संपायच्या आधीच्या जानेवारीत रशियन फौजा आल्या तशी तिथली जर्मन वस्ती घोडागाड्या जुंपून पळाली. जे मागे राहिले त्यांना पुढच्या काही वर्षांत नोंदी करून आगगाडीने पाठवून दिलं. गाव पोलंडला मिळालं. त्याचं नाव बदललं, रस्त्यांची नावं बदलली, दुकानांवरच्या जर्मन पाट्यांवर चुना फासला. चुना उडाला की अक्षरं पुन्हा वर यायची, पुन्हा फासायचा. काकांचं घराणं पार पूर्वेकडचं. तो मुलूख रशियाने घेतला, आणि यांना एका गाईसकट गुरांच्या डब्यात भरून, तीन आठवडे फिरवून, या तळ्याकाठी उतरवलं. हातात एक कागद, त्यावर घराचा नंबर. काका तेव्हा सहा वर्षांचे. स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर कुणा मुलीच्या उंचीच्या पेन्सिलीच्या खुणा होत्या, वर्षावर्षाच्या. त्यांच्या आईने त्याच चौकटीला काकांना उभं करून शेजारी नवी खूण केली.

"वीस वर्षं कुणी छपराला धड खिळा ठोकला नाही," काका सांगायचे. जर्मन आज ना उद्या परत येतील आणि आपल्याला पुन्हा गाडीत घालतील, अशी प्रत्येकाची खात्री. दाराशी गाठोडं बांधलेलं. सफरचंदाचं झाड लावू म्हटलं तर वडील विचारायचे, फळं कोण खाणार? गावात तिसरी एक जात होती, तिथलीच जुनी माणसं. घरात पोलिश बोलणारी, पण प्रार्थना जर्मनांसारखी करणारी. जर्मनांना ती पोलिश वाटायची, पोलिशांना जर्मन. तीही हळूहळू निघून गेली. जर्मन दफनभूमीतले दगड उचलून लोकांनी पायऱ्या केल्या. काकांच्या गोठ्याच्या पायरीवर कुणाचं तरी नाव आणि सालं होती; अक्षरओळख त्यांना त्या पायरीवर झाली. आता म्हणे तिथे उन्हाळ्यात शिडाच्या होड्या, वॉफलच्या गाड्या आणि शहरातून आलेली झुंबड असते. गाव काही विसरलेलं नाही, म्हणाले, फक्त बोलत नाही.

जर्मनीतल्या त्या बाईची पत्रं मात्र साधी असायची. हवा, गुडघे, शेजारणीची मांजर. शेवटी एक ओळ न चुकता: आईच्या कबरीवर दिवा लावला का? दाराच्या चौकटीवरची मुलगी ती हीच, आणि तिच्या आईची कबर गावातल्या दफनभूमीत तिसऱ्या रांगेत, लिंडेनच्या झाडाखाली, एवढं मला पत्रांतून कळलं होतं. नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी काका तिथे काचेतली मेणबत्ती लावायचे. ते अमेरिकेत आल्यावर त्यांची बहीण लावायची. बहीण गेल्यावर बहिणीचा मुलगा. मला त्या इमानाचं कौतुक वाटायचं. आपल्याकडे सख्ख्या भावाला बापाचं वर्षश्राद्ध आठवत नाही, असंही मी एकदा घरी सुनावलं होतं.

मार्चमध्ये पत्र आलं ते नेहमीपेक्षा लांब होतं. बाई आता पंच्याण्णवीला टेकलेली. लिहिलं होतं: मला फार दिवस नाहीत. मूलबाळ नाही. माझी राख आईच्या कबरीत ठेवावी अशी इच्छा आहे. नगरपालिका परवानगी देते म्हणाली, पण कबर नक्की कोणती हे माहीत असलेल्या माणसाने लेखी कळवायला हवं. ते तुझ्याशिवाय कुणाला माहीत नाही. तू मला लिहून देशील का, की माझी आई तिथे आहे?

मी वाचून खाली ठेवलं.  काका म्हणाले, "ती तिथे नाही."

पुढचं त्यांनी सलग सांगितलं.

"घर त्या मुलीच्या आईचंच होतं. आम्ही आलो तेव्हा ती मागच्या खोलीत राहत होती. सासू अंथरुणाला खिळलेली म्हणून ती पळाली नव्हती, मुलीला बहिणीबरोबर पुढे धाडलं होतं. आम्ही पोचेपर्यंत सासू मेली होती. मुलीची आईही मला म्हातारी वाटायची. आता कळतं, पन्नाशीचीही नसेल. माझ्या आईला त्या घरची भट्टी पेटवता येईना, पंप चालवता येईना. तिने शिकवलं. जर्मन माणसाची नोंद करायची असा नियम होता. वडिलांनी केली नाही, कारण आईला ती हवी होती. ती मला आकडे शिकवायची, शंभरपर्यंत. बाहेर जाताना माझ्या दोन्ही खिशांत एकेक उकडलेला बटाटा घालायची, हात गरम राहायला.

"फेब्रुवारीत तिला ताप भरला, छातीत घरघर. डॉक्टर बोलवायचा तर ती आमच्याकडे आहे हे उघड झालं असतं. नाही बोलावला. पाचव्या दिवशी गेली. जमीन दगड झाली होती, कुदळ उडायची. आणि कबर खणली तर कुणाची म्हणून लोक विचारणार. सकाळी दाट धुकं होतं. वडिलांनी तिला पांघरुणात शिवलं, स्लेजवर घातलं. तळ्यावर कोळ्यांनी जाळ्यासाठी बर्फ फोडून मोठं भोक केलेलं होतं. जाळ्याची शिशाची वजनं बांधली. मी दोरी धरून उभा. वडील म्हणाले, तिकडे तोंड कर आणि मोज. मी विचारलं, किती? म्हणाले, येतं तेवढं. मी तिने शिकवलेलंच मोजत होतो, जर्मनमध्ये, मोठ्याने. वडिलांनी मला गप्प केलं नाही. शंभर झाले तेव्हा ते येऊन माझ्या शेजारी उभे होते.

"त्या वसंतात आम्ही त्याच तळ्यातले मासे खाल्ले. दुसरं काही नव्हतं."

सत्तरच्या दशकात जर्मन प्रवाशांना यायला मिळू लागलं, तेव्हा ती मुलगी एका बसमधून आली. फाटकाशी उभी राहिली. घर परत मागेल अशी काकांच्या आईला धास्ती. त्या मुलीने घराकडे बघितलंही नाही. तिच्या आईचं एक पत्र त्या हिवाळ्यात तिला पोचलं होतं: इथे एक लहान मुलगा आहे, त्याला मी आकडे शिकवते. पाठ करून आणलेल्या मोडक्या पोलिशमध्ये ती काकांना म्हणाली, "तो मुलगा तू का?" मग विचारलं, आई कुठे आहे. काकांची आई चटकन म्हणाली, दफनभूमीत, हा दाखवेल. तिशीतले काका पुढे, ती मागे. गवत कमरेएवढं. तिसऱ्या रांगेत एक दगड आडवा पडलेला होता, शेवाळाने अक्षरं झाकलेली. त्याच्याकडे बोट दाखवलं. ती गुडघ्यांवर बसली आणि काकांनी तोंड फिरवलं.

"पन्नास वर्षं मी कुणा परक्याला दिवा लावला," काका म्हणाले. "ते एक वेळ चालेल. पण तिची राख मी परक्याच्या खड्ड्यात घालू देणार नाही. लिहा, मॅडम. सगळं लिहा. डॉक्टरचं पण."

मी वहीत सगळं उतरवून घेतलं आणि घरी येऊन जर्मन करायला बसले.

इथे मला माझ्या बाबांचं सांगायला हवं. ते गेले तेव्हा भावाचा पुण्याहून फोन आला, "बाबा जरा सिरियस आहेत, निघून ये." परदेशात राहणाऱ्या आपल्या प्रत्येकाला या वाक्याचा अर्थ कळतो, आणि तरी ऐकताना आपण तो अर्थ लावत नाही. विमानात मी सोळा तास त्यांच्यासाठी स्तोत्र म्हणत होते, तेव्हा त्यांना पोचवून माणसं घरी येऊन आंघोळी करून बसली होती. भावावर मी इतकी संतापले की दोन वर्षं कामापुरतंच बोलले. "मला झेपलं नसतं असं वाटलं तुला?" असं विचारलं तर म्हणाला, "ताई, एकटी होतीस प्रवासात. तुझं काही झालं असतं म्हणजे?" ते उत्तर मला तेव्हा भेकडाचं वाटलं, आजही वाटतं.

आणि तरीही त्या दिवशी कागदापुढे बसल्यावर मला दिसू लागली ती पंच्याण्णव वर्षांची बाई, चष्मा लावून पत्र उघडणारी. शिशाची वजनं, बर्फातलं भोक, न बोलावलेला डॉक्टर. हे वाचून ती मरायची कशी? आयुष्याचे शेवटचे चार महिने ती तळ्याचा तळ बघत काढणार. कशासाठी, तर काकांना हलकं वाटावं म्हणून? झाकली मूठ सव्वा लाखाची. ज्याला पन्नास वर्षं आई मानून दिवा लावून घेतला त्या दगडाशेजारी ती सुखाने पडेल, कुणाचं काय बिघडतं? मला खरंच असं वाटलं. आणि खरं सांगायचं तर एक गुर्मीही होती. काकांचं इंग्रजी तिला येत नव्हतं, तिचं जर्मन काकांना धड येत नव्हतं, मला दोन्ही येत होतं. दोघांसाठी काय बरं ते मला कळतं, असं वाटायला त्याहून जास्त लागत नाही.

मी लिहिलं: होय, तुमच्या आई तिथेच आहेत, दफनभूमीच्या फाटकातून तिसरी रांग, लिंडेनच्या झाडाखाली. त्या माझ्याशी फार मायेने वागत. बटाट्यांचं लिहिलं, आकड्यांचं लिहिलं. माझ्या मते पत्र सुंदर झालं होतं.

गुरुवारी काका म्हणाले, "वाचून दाखवा." मी कागद समोर धरला आणि त्यांनी सांगितलेलं सगळं, वहीतलं, इंग्रजीत वाचून दाखवलं. कागदावर ते नव्हतं. डॉक्टरपाशी आले तेव्हा त्यांनी मान खाली घातली. मग मी त्यांचं बोट धरून सहीच्या जागी टेकवलं, आणि त्यांनी मोठ्या वेड्यावाकड्या अक्षरांत सही केली. घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "बरं केलंस. त्या वयात कशाला शॉक द्यायचा?" मलाही तेच ऐकायचं होतं.

पुढचे दोन महिने काका वेगळेच माणूस होते. झोप लागते म्हणाले. त्यांच्याकडे दिवसा कामाला येणारी केअरगिव्हर मुलगी म्हणाली, हल्ली जेवण संपवतात. रोज टपाल आलं की तिला विचारायचे, जर्मनीचं काही आहे का. मला एकदा म्हणाले, "ती शिव्या देईल. देऊ दे. आता तिला माहीत तरी आहे." मी चहा ढवळत राहिले.

मेच्या शेवटी पत्र आलं, ते केअरगिव्हरने माझ्याकडे आणून दिलं. टाइप केलेलं, त्या बाईच्या भाचीचं. मी ते आधी आमच्या ड्राइव्हवेवर उभी राहून वाचलं.

भाचीने लिहिलं होतं: मावशी तीन आठवड्यांपूर्वी गेली. त्या कबरीची काळजी तुम्ही आता घेऊ नये, म्हणून कळवते आहे. ती तिच्या आईची नव्हती हे मावशीला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तुम्ही तोंड फिरवून उभे होतात तेव्हा तिने दगडाचं शेवाळ नखाने काढलं. खाली एका पुरुषाचं नाव होतं, आणि साल लढाईच्या बरंच आधीचं. ती काही बोलली नाही. तिला वाटलं, तुम्ही घाबरला आहात; तो मुलगा मोठा झाला की सांगेल. म्हणून ती दर पत्रात कबरीचं विचारत राहिली. तिथे पुरून घ्यायचा विचार तिने कधीच केला नव्हता. मी तिथे झोपते म्हटलं तर त्याला सांगावंच लागेल, असं ती म्हणाली होती. तुमचं उत्तर आलं ते मी तिला दोनदा वाचून दाखवलं. ती म्हणाली, "म्हणजे तो नाहीच सांगणार." त्यानंतर तिने तुमचा विषय काढला नाही.

करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असं आपण हसून म्हणतो.  काकांना सांगता आलं असतं, की तिने माफ केलं, शांतपणे गेली. त्यांना कळलं नसतं. कागद माझ्या हातात, भाषा माझ्या तोंडात. दहा मिनिटं मी तेच जुळवत होते, आणि वाक्यं सुरेख जुळतही होती. त्याचीच मला किळस आली.

मी काकांकडे जाऊन पत्र जसंच्या तसं वाचलं, आधी जर्मन, मग इंग्रजी. काका ऐकून म्हणाले, "तिला माझं पत्र मिळालं नाही. दुसऱ्या कुणाचं तरी मिळालं."

"मिळालं," मी म्हटलं. "मी लिहिलेलं मिळालं."

त्यांना समजायला वेळ लागला. मग एकेक प्रश्न विचारला. तळ्याचं लिहिलं नव्हतं? नाही. डॉक्टरचं? नाही. मग वाचून काय दाखवलं? वहीतलं. खाली माझी सही होती? होती. मी माफी मागायला लागले. म्हातारी बाई, तिला त्रास नको म्हणून, आमच्याकडे अशी पद्धत आहे, असं काहीबाही बोलत सुटले. ते उठले, भिंतीला हात लावत दारापर्यंत गेले, दार उघडलं आणि ते धरून उभे राहिले. मी निघेपर्यंत त्यांनी ते सोडलं नाही.

तीन गुरुवार गेले. मी खिडकीतून त्यांच्याकडे दिवा लागलेला बघायचे. केअरगिव्हर म्हणाली, जेवत नाहीत नीट. चौथ्या गुरुवारी तीच बोलवायला आली.

काका टेबलाशी बसले होते. म्हणाले, "लिहा."

"कुणाला?"

"तिलाच. भाचीच्या पत्त्यावर."

वरातीमागून घोडं, हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही. मी तिथेच बसून सरळ जर्मनमध्ये लिहिलं, ते सांगतील तसं, छापल्यासारख्या सुट्या अक्षरांत. या वेळी त्यांनी जास्त सांगितलं. शेवटच्या दिवशी ती मुलीचं नाव घेऊन हाक मारत होती आणि काकांच्या आईने "आले गं" म्हणून तिचा हात धरला होता. पांघरूण शिवताना वडील रडत होते. एकाही शब्दाला मी हात लावला नाही. दोन तास लागले. मग मी सगळं वाचून दाखवलं, आणि पेन त्यांच्या हातात देऊन त्यांचं बोट सहीच्या जागी नेऊ लागले. त्यांनी हात काढून घेतला.

"यात तेच आहे?"

"शब्द न् शब्द."

"मागच्या वेळीही तुम्ही असंच वाचलं होतं."

 तो कागद तंतोतंत खरा होता आणि ते सिद्ध करायला माझ्याकडे माझ्या तोंडाशिवाय काही नव्हतं. काकांनी कागदावरून तळवा फिरवला, अक्षरं हाताला लागतील म्हणून की काय, आणि घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवला. पेन मला परत दिलं.

"रविवारी मुलगी येते आहे," ते म्हणाले. "ती फोनवर वाचून घेईल. तिने सांगितलं की मग सही करीन."

मी म्हटलं, "काका, पण तिला तर यातलं काही..."

"नाही," ते म्हणाले. "तिला काही माहीत नाही."

आज शुक्रवार आहे.